इथं मागावं लागतं

ठाण्याला खाडीकडे उतरणाऱ्या कोळीवाड्यात आमचं एक बैठं घर होतं. पुढे अंगण, अंगणात वाळत टाकलेली जाळी, मागे पेरूचं झाड आणि दाराशी सिमेंटचा एक उतार. त्या घरात आम्ही तिघी राहायचो. मला पोलिओ झालेला. डाव्या पायात कंबरेपर्यंत लोखंडी कॅलिपर, उजव्यात गुडघ्यापर्यंत, आणि काखेत कुबड्या. दुसरीला जन्मापासून दिसत नव्हतं. तिसरीचं वय तिशीला टेकलं होतं, पण मनाने ती आठ-दहा वर्षांची आहे असं डॉक्टर सांगत. आमच्या मते डॉक्टरांना ती पुरती कळलीच नव्हती. सुरुवातीला गल्लीतले लोक आमच्या घराला काय म्हणत ते मी इथे सांगत नाही. पुढे तेच लोक विरजण मागायला दारात येऊ लागले, तेव्हा ते नाव आपोआप मागे पडलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. अपंग बाईने राहायचं कुठे, याचं उत्तर तेव्हा ठरलेलं असे. आईबाप आहेत तोवर आईबापांकडे, मग भावाकडे, आणि भावाला जमेना झालं की आश्रमात. तिने स्वतःच्या घरात राहावं हे कुणाच्या ध्यानीमनी येत नसे. आम्ही राहिलो, आणि चांगली वर्षानुवर्षं राहिलो. आजही मला त्याचा इतका अभिमान वाटतो की विषय निघाला की माझा आवाज चढतो. ज्यांना चढलेला आवाज आवडत नाही त्यांनी पुढे वाचू नये.

आधी मी डोंबिवलीला दादाकडे राहायचे. दादा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. आई मी शाळेत असताना गेली, वडील त्यानंतर फार टिकले नाहीत, आणि दादाने मला वाढवलं. नुसतं वाढवलं नाही, उचललं. आमच्या शाळेचे वर्ग वरच्या मजल्यावर होते. तो मला पाठुंगळी घेऊन जिना चढायचा, बाकावर नीट बसवायचा आणि मग धावत आपल्या वर्गात जायचा. असा भाऊ शोधून सापडणार नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण त्याची एक सवय होती. मला तहान लागायच्या आत तो पाणी आणून ठेवायचा. डोळ्यांवर ऊन यायच्या आत खिडकी लावायचा. मी काही मागावं अशी वेळच तो येऊ देत नसे. त्यामुळे तिशी उलटली तरी मला कुणाकडे काही मागता येत नव्हतं. आणि माझ्याकडेही कधी कुणी काही मागितलं नाही. पाहुणे आले तर ‘जरा पाणी आण गं’ हे त्या घरात सगळ्यांना सांगितलं जाई, मला सोडून.

वहिनी वाईट होती असं कुणाला वाटत असेल तर तसं मुळीच नव्हतं. गोष्टीतली वहिनी वाईट असली की सांगणाऱ्याचं काम सोपं होतं. माझी वहिनी तव्यावरची पहिली पोळी मला वाढायची, त्यामुळे माझं काम अवघड आहे.

मी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. अपंगांच्या राखीव जागेवर लागले आणि पर्मनंटही झाले. सगळं सुरळीत चाललेलं असताना दादाची नागपूरला बदली झाली. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. क्वार्टर मिळणार होतं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे मी नोकरी सोडून त्यांच्याबरोबर जायचं आणि उरलेलं आयुष्य तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसायचं, किंवा आश्रमात जायचं. आश्रम आम्ही बघून आलो. जागा स्वच्छ होती, माणसं भली होती. दुपारी शिवण, दिवेलागणीला प्रार्थना. मला शिवण येत नाही आणि प्रार्थनेत झोप येते. तिथल्या मोठ्या ताईंनी माझ्या गालावरून हात फिरवून मला ‘बाळ’ म्हटलं, तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं की मरेन, पण इथे येणार नाही.

‘मग तू करणार काय?’ दादाने विचारलं.

‘घर घेणार. भाड्याने.’

‘एकटी?’

त्याचं उत्तर कचेरीत होतं.

आमच्या कचेरीचा टेलिफोन बोर्ड जी सांभाळायची ती दृष्टिहीन होती. ती आंबिवलीला मामाकडे राहायची. मामाच्या घरात पाहुणा आला की तिची खाट हलायची. कधी खिडकीशी, कधी मोरीशी, एकदा चक्क गॅलरीत. दिसणाऱ्या माणसाला खाट हलली तर काही वाटत नाही. तिला मात्र दर वेळी सगळं घर नव्याने शिकावं लागे. ‘मला फक्त न हलणारी खाट हवी आहे,’ ती डबा खाताना म्हणायची, ‘बाकी संसार मी करून दाखवीन.’ जिभेची तिखट आणि मनाची निवांत अशी ही बाई होती.

आणि आमच्या हेडक्लार्क. त्यांना सगळी कचेरी नुसतं ‘बाई’ म्हणायची. बाई विधवा, कल्याणच्या, निवृत्तीला टेकलेल्या. मघाशी सांगितली ती तिसरी, त्यांची मुलगी. एका दुपारी आम्हा दोघींचं बोलणं बाईंनी ऐकलं आणि डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, ‘तुम्ही दोघी घर बघा. माझी मुलगी तिसरी.’

बाई पुढे म्हणाल्या, ‘ती माझ्याशिवाय राहायला मी जिवंत असतानाच शिकली पाहिजे. मी मेल्यावर शिकवायला कोण येणार आहे? मी बुधवारी आणि रविवारी येईन, बघीन, अडेल ते सांगेन. पण राहायचं तुमचं तुम्ही.’

बाईंचा आवाज जराही हलला नाही. हात मात्र झाकण पुन्हा पुन्हा लावत राहिले, लागलेलं असूनही.

मग घरं बघणं सुरू झालं. ठाण्यातल्या घरमालकांनी आमची काय चाचणी परीक्षा घेतली म्हणता. एक म्हणाला, तुमच्याकडून गॅस उघडा राहिला तर माझी इमारत जाईल. दुसऱ्याला आमच्यापैकी एकीलाही नवरा नाही याचं भारी दुःख झालं. तिसऱ्याने आम्हाला सरबत पाजलं, डोळे पुसले आणि ‘घर देऊ शकत नाही, पण तुमचं कौतुक वाटतं’ असं सांगितलं. टेलिफोनवाली जिना उतरताना म्हणाली, ‘कौतुकात राहता येत असतं तर आपला बंगला झाला असता.’

कोळीवाड्यातलं घर एका मासळी विकणाऱ्या मावशीचं होतं; ती स्वतः शेजारीच राहायची. ती अंगणात बोंबील उलटे करत बसली होती. तिने आम्हा तिघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तयारच होते, गॅस, नवरा, कौतुक, यातलं काय येतंय बघू म्हणून.

‘तुमाना मच्छीचा वास चालंल ना?’ तिने विचारलं. ‘नंतर नाक धरून बसाल, तं मना नाय चालनार.’

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मी म्हटलं, वास चालेल आणि मासळीही चालेल.

‘आनि बाप्या मानूस राती र्‍हायाचा नाय. बायकांचं घर हाय, बायकांचंच र्‍हाईल.’

ही अट आम्हा तिघींना एकदम पसंत पडली, कारण तशी शक्यता कुणाला वाटली हेच आमच्यासाठी नवीन होतं.

दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘ठीक आहे. भाऊबीजेला मी तिथे येतो. घर चाललेलं दिसलं तर राहा. त्याच दुपारी मी टेम्पो बोलावून ठेवतो. नाही दिसलं तर तुझं सामान घेऊन डोंबिवलीला यायचं. पुढे नागपूर की आश्रम, ते तू ठरव.’ म्हणजे फाशी की विष, एवढी निवड मला होती.

पण त्याने भाऊबीज म्हटलं आणि माझ्या मनात ते रुतून बसलं. भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जायचं असतं, तिच्या हातचं जेवायचं असतं. माझ्या भावाला जायला बहिणीचं घरच नव्हतं. दर वर्षी तो आपल्याच घरात पाटावर बसायचा, वहिनीने तयार केलेलं तबक माझ्या हातात यायचं, मी खुर्चीतून वाकून कसंबसं ओवाळायचे, आणि दादा वहिनीच्या हातचं जेवायचा. सगळं व्हायचं, फक्त भाऊबीज व्हायची नाही. एवढी वर्षं हे मी कुणाला बोलले नव्हते. आता ठरवलं की एकदा तरी माझा भाऊ माझ्या घरी जेवेल, आणि जेवून उठेल तो मला न घेता जाईल.

गणपती झाल्यावर आम्ही राहायला गेलो. आणि आमचा संसार पहिल्याच महिन्यात बुडायला लागला.

कशाने, ते ऐका. भांडणाने नव्हे. आम्ही तिघी एकमेकींशी इतक्या चांगल्या वागत होतो की जगणं मुश्कील झालं. तिघींनाही लहानपणापासून एकच धडा मिळालेला, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही. त्यात तिघी पहिल्या नंबराने पास झालेल्या. टेलिफोनवालीला साडी आणि पोलकं एका रंगाचं आहे का ते विचारायचं असायचं, पण मी दमलेली असेन म्हणून ती विचारायची नाही आणि हिरव्यावर जांभळं घालून कचेरीत जायची. चहाची पूड वरच्या फळीवर ठेवली गेली होती. माझा हात पोचत नव्हता, म्हणून मी आठवडाभर सांगत होते की मी चहा सोडलाय. बाईंच्या मुलीला आम्ही धाकटी म्हणायचो. तिच्या चपलेचा अंगठा तुटला. आईने तिला बजावलेलं, ‘तायांना त्रास द्यायचा नाही हं.’ ती गुपचूप अनवाणी फिरत राहिली आणि पाय कापून घेतला. तिघींच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य, ‘राहू दे गं, माझं काही अडत नाही.’ असलं सौजन्य सासुरवाशिणींनाही झेपलं नसतं.

शेवटी तो कुकरचा रविवार आला. मी सकाळी खिचडी लावली. गॅस आम्ही एका बुटक्या टेबलावर ठेवला होता, मी समोर स्टुलावर बसून स्वयंपाक करायचे. कुकर कधीचा गार झाला, पण झाकण घट्ट बसलेलं. मला बसून जोर लावता येईना. टेलिफोनवालीचा हात आदल्या दिवशी तव्याला भाजला होता, तिला कशी सांगू? धाकटीला कुकरला हात लावायची बाईंनी मनाई केलेली. मग मी म्हटलं, ‘मला आज भूक नाही.’ टेलिफोनवालीला वाटलं खिचडी कमी झाली असणार, म्हणून तीही म्हणाली, ‘मलाही नाही.’ दोघी तायांना भूक नाही म्हटल्यावर धाकटीनेही तेच सांगितलं. दुपार उलटेपर्यंत आम्ही तिघी भरलेल्या कुकरच्या तीन बाजूंना बसून होतो आणि तिघींची पोटं आळीपाळीने गुरगुरत होती.

बाई आल्या. त्यांनी आमचे चेहरे बघितले, कुकर हलवून बघितला आणि विचारलं, ‘हे काय?’ जिचं तिचं कारण बाहेर आल्यावर त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या खाली बसल्या आणि रडल्या. ‘मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तुम्ही तिघींनी रडायचंच सोडलंय. असं राहून काय उपयोग?’

दिवाळी दोन-चार आठवड्यांवर आलेली. टेम्पो मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. आणि मग मला राग आला. भाजलेल्या हातावर, झाकणावर, सरबत पाजणाऱ्या त्या माणसावर, आम्हाला असं शहाणं करून ठेवणाऱ्या सगळ्या जगावर. मी कुबडी जमिनीवर आपटली आणि म्हटलं, ‘बस झालं. आजपासून या घरात मागायचं. ज्याला जे हवं ते त्याने तोंडाने मागायचं. मागितलं नाही तर मिळणार नाही. आणि मागताना “तुला त्रास देते हं” असं म्हणायचं नाही.’ मग धाकटीकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ मागितलं, ‘तू झाकण काढून दे.’

धाकटीने आईकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. धाकटीने एका हाताने कुकर धरला आणि दुसऱ्याने झाकण असं फिरवलं की बाटलीचं बूच काढावं. तिच्या मनगटात केवढी ताकद आहे हे तिच्या आईलासुद्धा माहीत नव्हतं, कारण तिलाही कुणी कधी काही काढून मागितलं नव्हतं. त्या दिवशीची ती गार गोळा झालेली खिचडी आम्ही चौघींनी खरवडून खाल्ली.

मी तो नियम रागाच्या भरात केला होता, पण धाकटीने तो उचलून धरला. तिला नियम आवडायचे, आणि हा तर तिला पुरता पटला. दुसऱ्या दिवसापासून ती घरची फौजदार झाली. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती खाटेशी उभी राहायची, पण द्यायची नाही. ‘माग.’ मी हात पुढे केला तर कप मागे. ‘तोंडाने.’ ‘चहा दे,’ असं म्हटलं की लगेच मिळायचा. टेलिफोनवाली एकदा जुन्या सवयीने म्हणाली, ‘तुला त्रास होणार नसेल तर जरा...’ धाकटीने तिला तिथेच थांबवलं आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. पण त्या हसण्यात आमच्या जिभेची गाठ सुटत गेली. हळूहळू घरभर मागणं सुरू झालं. ‘माझी निरी बघ.’ ‘वरची बरणी दे.’ ‘मला आज बोलायचं नाहीये, मला एकटी राहू द्या.’ हेसुद्धा मागायचंच असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि मागायला लागल्यावर कळलं की प्रत्येकीकडे देण्यासारखं काय काय आहे. टेलिफोनवाली वाल निवडायला बसली की बोटं सुपातून अशी फिरायची की एक खडा सुटत नसे. मी बसल्या जागेवरून फोडणी, हिशेब आणि भांडण तिन्ही करू शकत होते. उचलणं, वळणं, घासणं धाकटीचं. तिची खाट, टेलिफोनवालीची खाट आणि माझी खाट आम्ही एकदा लावल्या त्या लावल्या. घर सोडेपर्यंत त्यातली एकही हलली नाही.

दाराला एक उंच पायरी होती. ती मी रोज मावशीच्या खांद्याला धरून चढायचे, आणि तिला कधी बोलले नव्हते. नियमाला जागून एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, ‘मावशी, ही पायरी मला जमत नाही. उतार करून हवाय.’ चार दिवसांनी गवंडी आला. आम्ही आभार मानायला गेलो तर म्हणाली, ‘तुमच्यासाठी कशाला? मना टोपली घेऊन चढाया बरा परतं म्हनून केलं.’ ती टोपली डोक्यावर घेऊन स्वतःच्याच दाराने जायची. आमच्या दाराने तिची टोपली कधीच आली नाही.

भाऊबीजेचा दिवस उजाडला. वहिनी कल्याणला आपल्या भावाकडे जाणार होती, दादा एकटाच यायचा होता. पहाटेपासून आमची धांदल. वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि शेवयांची खीर. टेलिफोनवाली पुऱ्या लाटत होती, मी तळत होते, धाकटी खोबरं खवत होती आणि अधूनमधून खोबरं मागून खात होती. माझं हे घर राहणार की दुपारी टेम्पोत चढणार, ते आज ठरायचं होतं. मनात सारखं येत होतं की दादा आत येईल, मला तळताना बघेल आणि झारा माझ्या हातातून काढून घेईल.

दादा ठरल्या वेळेच्या आधीच आला. दार धाकटीने उघडलं.

‘काय पाहिजे?’ तिने विचारलं.

दादा गडबडला. ‘काही नको,’ म्हणाला.

‘मग कशाला आलात?’

टेलिफोनवालीला हसू आवरेना. मी आतून ओरडले, ‘अगं, दादा आहे माझा. येऊ दे.’ दादा उतारावरून आत आला. येताना त्याने उताराकडे दोनदा वळून पाहिलं.

ओवाळण्याची सोय आम्ही आदल्या दिवशी करून ठेवली होती. मला खाली बसता येत नाही, तर दादालाच वर घ्यायचं. पाट खाटेवर मांडला होता. दादा त्यावर बसला, डोकं एवढं उंच की तो राजासारखा दिसायला लागला. धाकटीने तबक धरलं, टेलिफोनवालीने निरांजनाची वात हाताने चाचपून सारखी केली, मी ती लावली. मी उभी राहिले, कॅलिपरची कडी खट्‌कन बसली, आणि न वाकता, ताठ उभी राहून मी माझ्या भावाला ओवाळलं.

‘काय ओवाळणी देऊ?’ दादाने विचारलं. दर वर्षी तो हे न विचारताच तबकात पाकीट ठेवायचा. आज का विचारलं कोण जाणे.

‘जेवण झाल्यावर मागेन,’ मी म्हटलं.

जेवायला बसलो. दादाचे डोळे घरभर फिरत होते, गॅस कुठे, नळ कुठे, ही पडली तर कुणाला हाक मारणार. त्याच्या ताटातल्या पुऱ्या संपल्या, बिरड्याबरोबरचा भातही संपला. भाताचं पातेलं खोलीच्या दुसऱ्या टोकाला गॅसजवळ होतं. दादा आपल्या सवयीने ताट घेऊन उठला.

‘मागायचं,’ धाकटी म्हणाली.

‘नको, मी घेतो ना.’

धाकटी उठली आणि पातेल्यापुढे जाऊन उभी राहिली. ‘इथं मागावं लागतं. मागितलं नाही तर मिळत नाही.’

दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी अडकले की तो माझ्या मदतीला येई, आता तो माझ्याकडे मदत मागत होता. मी केली नाही. ताटाकडे बघत बसून राहिले. दादा ताट हातात धरून उभा. मग तो परत खुर्चीवर बसला.

‘बाय,’ तो माझ्याकडे बघून हळू म्हणाला, ‘थोडा भात वाढ गं.’

माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या भावाने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी उठले. एक कुबडी भिंतीला टेकवून ठेवली, एक काखेत घेतली. पातेल्यापाशी गेले. धाकटी बाजूला झाली. मी वाडगा भरला आणि परत निघाले, एका हातात कुबडी, एका हातात वाडगा. अर्ध्या वाटेत दादाची खुर्ची सरकली. ते कळायला टेलिफोनवालीला डोळे लागत नव्हते. ‘बसा,’ ती पुरी मोडत म्हणाली, ‘ती येतेय.’

दादा बसला. मी त्याच्या ताटात भात वाढला. थोडा जास्तच वाढला. तो मान खाली घालून जेवत राहिला आणि सगळा भात संपवला. त्याचे डोळे भरले होते, माझेही. आम्ही दोघांनी बिरडं तिखट झालंय असं ठरवून टाकलं.

हात धुतो न धुतो तोच बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सगळ्याजणी थांबल्या. मी दादासमोर उभी राहिले. एवढी वर्षं जे मला जमलं नव्हतं ते त्या घराने मला शिकवलं होतं.

‘दादा, ओवाळणी मागू?’

‘माग.’

‘टेम्पो रिकामा परत पाठव.’

तो बाहेर गेला. खिडकीतून दिसत होतं, तो टेम्पोवाल्याशी बोलतोय, टेम्पोवाला वैतागून हात उडवतोय, शेजारची मावशी आपल्या दारात कमरेवर हात ठेवून उभी आहे. टेम्पो मागे मागे जात गल्लीच्या तोंडाशी वळला आणि गेला. टेलिफोनवाली कान देऊन ऐकत होती. आवाज पार विरल्यावर ती म्हणाली, ‘गेला.’ धाकटीने टाळ्या वाजवल्या. मी स्टुलावर बसले आणि भोकाड पसरून रडले, अगदी मूल रडतं तसं. बाई तिथे असत्या तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

दादा परत आला तो दारातच थांबला. उताराच्या वरच्या टोकाला, उंबऱ्याच्या बाहेर. चपलाही काढल्या नाहीत.

‘पुढच्या महिन्यात मला कामासाठी ठाण्याला यावं लागणार आहे,’ तो म्हणाला. ‘डोंबिवलीचं घर तर सोडणार. तेव्हा एक रात्र... मी इथे राहू का?’

‘नीट मागितलं,’ धाकटीने सर्टिफिकेट दिलं.

हो म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. पण घर माझं एकटीचं नव्हतं. ‘विचारावं लागेल,’ मी म्हटलं. ‘या दोघींना. आणि मावशीला तर आधी. तिची अट आहे, बाप्या माणूस रात्री राहायचा नाही.’

‘विचार,’ दादा म्हणाला. ‘मी थांबतो.’

आणि ज्याने मला सगळं न मागता दिलं होतं तो माझा भाऊ, अंगणात जाळ्यांच्या कडेला हाताची घडी घालून, आम्ही बायका काय ठरवतोय त्याची वाट बघत उभा राहिला.